परिचर्या संशोधन : प्रतिबंधक आरोग्यवर्तन व रुग्णशिक्षण (मुंबई)

रोग होऊ नये, झालाच तर लवकर ध्यानात यावा आणि जडल्यावर बळावू नये यासाठी माणसे जे करतात किंवा करायचे टाळतात, त्याचा परिचारिकांनी केलेला पद्धतशीर अभ्यास. बाळाला लस वेळेवर टोचणे, क्षयाच्या गोळ्या मध्येच न सोडणे, मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहणे, गर्भाशयमुखाची तपासणी करून घेणे ही अशा वर्तनाची उदाहरणे. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे शिकवण्याची कोणती रीत लागू पडते, कोणती नाही, याची पारखही यात येते. मुंबईत असे संशोधन परिचर्या महाविद्यालयांच्या प्रबंधांतून सतत चालू असते. पण या विषयाला सर्वांत भक्कम पुरावा देणारे अभ्यास झाले ते वस्त्यांमध्ये, आणि त्यांत दारोदार फिरलेल्या बायका बहुतांशी परिचारिका नव्हत्याच.

लोकांना न समजावता उपाय लादले तर काय होते, हे मुंबईने प्लेगच्या साथीत पाहिले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात रोगाचे निदान झाले. रुग्णांना घरातून उचलून नेणे, घरे उपसून धुणे सुरू झाले आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर (आजचे कस्तुरबा) हल्ला केला. जानेवारी 1897 मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पटवून देण्याची ती त्यांची रीत होती. त्याआधी, 1883 साली मुंबईत आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी कामा रुग्णालयात (स्थापना 1886) परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले होते. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघ 1908 मध्ये स्थापन झाला, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 चा. संशोधन अभ्यासक्रमात आले ते पदवी शिक्षणाबरोबर. आज बी.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यात गटाने छोटा प्रकल्प आणि एम.एस्सी.ला स्वतंत्र प्रबंध करावाच लागतो. एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय हे या शिक्षणाचे शहरातील जुने केंद्र आहे.

या प्रबंधांचा सैद्धांतिक सांगाडा बहुधा अमेरिकी असतो. 1950 च्या दशकात तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेला एक कोडे पडले होते : क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढायची गाडी वस्तीजवळ आणली तरी माणसे येत नाहीत. हॉखबाम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी त्यातून आरोग्यश्रद्धा प्रतिमान (हेल्थ बिलीफ मॉडेल) मांडले. हा रोग मला होऊ शकतो, झाला तर गंभीर आहे, आणि तपासणीचा फायदा तिच्या त्रासापेक्षा मोठा आहे असे वाटले तरच माणूस जातो, असे त्याचे सार. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाला महत्त्व दिले. परिचर्येच्या क्षेत्रातून आलेले आरोग्यवर्धन प्रतिमान नोला पेंडर यांचे (1982). मुंबईत या प्रतिमानांतला अडथळ्यांचा रकाना सर्वांत जड असतो. रोजंदारीवरच्या माणसाला ओपीडीची एक चक्कर म्हणजे एक खाडा. केसपेपरची रांग, रक्ततपासणीची रांग, औषधाची रांग आणि रिपोर्टसाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी फेरा. प्रश्नावलीत ‘वेळ मिळत नाही’ एवढ्या एका ओळीत हे सगळे गुंडाळले जाते.

ठरावीक प्रबंधाचा आराखडा शीर्षकावरूनच ओळखू येतो : अमुक आजाराविषयी तमुक गटाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. एकच गट घ्यायचा, आधी प्रश्नावली भरून प्री-टेस्ट घ्यायची, फ्लिप चार्ट दाखवून पाऊण तास शिकवायचे आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढतात, सांख्यिकी चाचणी फरक ‘लक्षणीय’ ठरवते. न वाढले तरच नवल, कारण शिकवलेलेच विचारलेले असते आणि न शिकवलेला गट तुलनेला नसतो. शिवाय निरक्षर रुग्णाला प्रश्न वाचून दाखवणारी आणि शिकवणारी सिस्टर एकच; तिला बरे वाटावे म्हणून ‘हो, हो’ म्हणणारे पुष्कळ. तंबाखूने कर्करोग होतो हे ठाऊक असलेला माणूस बोलता बोलता चुना मळत असतो, आणि ते कोणत्याच रकान्यात उतरत नाही.

सातवाच दिवस का, याची कारणे मात्र शास्त्रीय नाहीत. परीक्षा, क्लिनिकल ड्यूटी आणि प्रबंधाची मुदत यांच्यात विद्यार्थिनीला डेटा गोळा करायला काही आठवडेच मिळतात. त्यात मुंबईचा रुग्ण एका जागी सापडत नाही. शीवच्या किंवा परळच्या वॉर्डातून डिस्चार्ज मिळालेला माणूस महिन्याभरात कोकणातल्या खेडला किंवा उत्तर प्रदेशातल्या जौनपूरला असतो आणि दिलेला नंबर भाच्याचा निघतो. सहा महिन्यांनी वर्तन मोजायचे म्हटले तर ‘सॅम्पल’ निम्मेही हाती लागत नाही. तरीही ज्ञान मोजून वर्तनाविषयी निष्कर्ष काढण्याची सवय समर्थनीय ठरत नाही.

विषयांच्या निवडीतही गतानुगतिकता दिसते. स्तनांची स्वतः तपासणी करायला शिकवणे हा प्रबंधांचा आवडता विषय. शांघायमधील कापड गिरण्यांच्या 2,66,064 कामगार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष 2002 मध्ये आले, तेव्हा असे पद्धतशीर शिक्षण देऊनही स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू कमी झालेले आढळले नाहीत. सौम्य (कर्करोग नसलेल्या) गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. आपल्या शरीराची ओळख असावी, बदल दिसताच दाखवावे, हे सांगणे योग्यच. पण प्रबंधात शांघायचा उल्लेख टाळणे योग्य नव्हे.

कर्करोग लवकर ओळखण्याच्या प्रश्नावरचा मोठा अभ्यास मुंबईतच झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये शहरातील झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी सुरू केली. किमान दहावी शिकलेल्या स्त्रियांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्त्या बनवले. एका गटातील वस्त्यांत त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी आणि व्हिनेगरमधले आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, सोबत माहितीही दिली. दुसऱ्या गटाला एकदाच आरोग्यशिक्षण मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या गटात 31 टक्के कमी होते. स्तनकर्करोगाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले : निदान लवकरच्या टप्प्यावर होऊ लागले, मृत्यूंतील एकूण 15 टक्के घट सांख्यिकीय कसोटीला उतरली नाही, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र ती जवळपास 30 टक्के होती. रुग्णशिक्षणाच्या अभ्यासकाने यात पाहण्याजोगी गोष्ट निराळी. इथे नुसते शिक्षण हाच तुलनेचा गट होता, आणि मृत्यूंतला फरक पडला तो शिक्षणासोबत तपासणीही घराजवळ आणल्याने. तुलनेच्या गटाला तपासणी का दिली नाही, यावरून पुढे नैतिक वादही झाला.

सगळ्याच वस्ती-प्रयोगांना यश आले असे नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील नवजातशिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापन केलेल्या स्नेहा या संस्थेने 48 वस्त्यांत गरोदरपण व बाळंतपणाविषयी महिला गटांचा प्रयोग केला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. ग्रामीण भागात परिणामकारक ठरलेली गटांची रीत, बहुतेक बायका आधीच रुग्णालयात बाळंत होतात अशा शहरात तशीच चालत नाही, हे त्यातून कळले. असे नकारात्मक निष्कर्ष प्रबंधांत जवळजवळ दिसतच नाहीत.

वॉर्डातले शिक्षण मोजायचे तर लेखी गुणांपेक्षा कृती पाहणे बरे. इन्सुलिनचे उदाहरण पुरेसे आहे. भारतात दर मिलीलिटरला 40 युनिटच्या कुप्या आणि 100 युनिटची पेन-काडतुसे व कुप्या दोन्ही मिळतात. 40 ची सिरिंज लाल टोपीची, 100 ची नारिंगी. लाल टोपीच्या सिरिंजने 100 च्या कुपीतून औषध ओढले तर अडीचपट डोस जातो. हा फरक ‘समजला का?’ विचारून कळत नाही. रुग्णाच्या हाती सिरिंज देऊन डोस भरून घ्यावा लागतो, आणि तो भरणारी बहुधा सून किंवा नातू असल्याने त्यांनाही बोलवावे लागते. फ्रिज नसलेल्या खोलीत कुपी पाण्याने भिजवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची सूचनाही तितकीच कामाची. अशी निरीक्षण-तपासयादी वापरणारे प्रबंध थोडे आहेत, पण ते वाचनीय असतात.

पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून, बहुधा जखमेवाटे, होणारा जिवाणूजन्य आजार) हा खास मुंबईचा विषय. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर त्याची साथ पसरली. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यावे, असे महापालिका दरवर्षी सांगते. पायाला जखम असलेला माणूस, ताप नसताना, गोळीसाठी आरोग्य केंद्रात येतो का, हा प्रश्न परिचर्या संशोधनाला नेमका शोभणारा आहे. क्षयरोगातही तेच : औषधाचा परिणाम आठवड्यांत जाणवतो, कोर्स किमान सहा महिन्यांचा, आणि बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात.

संमती हा शेवटचा नाजूक भाग. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि समजेल अशा भाषेतली माहितीपूर्ण संमती आवश्यक असते. अर्ज मराठी-हिंदीत छापून भागत नाही, कारण विचारणारी गणवेशात असते आणि रुग्ण खाटेवर. जिच्या हातून दुपारी सलाईन लागायचे आहे, त्या सिस्टरला नाही कोण म्हणणार? म्हणून विद्यार्थिनीची ड्यूटी नसलेला वॉर्ड अभ्यासासाठी निवडणे आणि सही घेण्याचे काम उपचारात भाग नसलेल्या व्यक्तीकडे सोपवणे, असा मार्ग काढता येतो.