जपानी फुटबॉलचा उत्कर्ष

अतिपूर्वेकडील क्रीडास्पर्धांत १९१७ साली फिलिपिन्सकडून २–१५ असा हरलेला जपानचा संघ १९९८ पासून एकाही विश्वचषक स्पर्धेला मुकलेला नाही. २०२२ मध्ये त्याने जर्मनी व स्पेन या माजी विजेत्यांना प्रत्येकी २–१ ने नमवले. याचे श्रेय बहुधा १९९३ साली सुरू झालेल्या जे-लीग या व्यावसायिक लीगला दिले जाते. ते योग्यच आहे, पण शिक्षकांनी व प्रशिक्षकांनी त्याआधी घातलेला पाया त्यात झाकला जातो.

आरंभ : हा खेळ जपानात कोणी आणला याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी आर्चिबाल्ड डग्लस यांनी १८७३ मध्ये टोकियोतील त्सुकिजी येथील नौदल विद्यालयात तो शिकवला, हे मत रूढ आहे. काही अभ्यासक टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्रिटिश अध्यापकांना (सु. १८७४), तर काही कोबे व योकोहामा येथील परदेशी रहिवाशांच्या क्लबांना हा मान देतात. नौदल विद्यालयातला खेळ आजच्या नियमांचा होता की रग्बीच्या जवळचा, हेही वादग्रस्त आहे. प्राचीन ‘केमारी’शी जोडलेले नाते मात्र टिकणारे नाही : हरणाच्या कातड्याचा चेंडू जमिनीवर पडू न देता एकमेकांकडे उडवत ठेवण्याच्या त्या दरबारी खेळात गोल नाही आणि प्रतिस्पर्धीही नाही. प्रसाराच्या दृष्टीने टोकियो उच्च अध्यापक विद्यालयातील १८९६ चा क्लब अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. योकोहामाच्या परदेशी संघाकडून १९०४ मध्ये तो ०–९ ने हरला, १९१७ च्या स्पर्धेतही हाच संघ जपानतर्फे उतरला. पण तेथील पदवीधर शिक्षक होऊन गावोगाव गेले आणि चेंडू सोबत घेऊन गेले.

परदेशी मार्गदर्शक : तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात मोडणाऱ्या ब्रह्मदेशातून टोकियोत शिकायला आलेल्या चॉ दिन याने १९२० च्या दशकात आखूड पासचे तंत्र शाळाशाळांत शिकवले. उंचीने कमी असलेल्या खेळाडूंना ते मानवले. १९६० मध्ये आलेले जर्मन प्रशिक्षक डेट्मार क्रामर यांनी पास देणे, चेंडू थांबवणे अशा प्राथमिक गोष्टींपासून राष्ट्रीय संघाची उजळणी घेतली. राष्ट्रीय लीग, प्रशिक्षकांचे शिक्षण व हिरवळीची मैदाने हा त्यांचा आग्रह होता. १९६५ मध्ये आठ कंपनी-संघांची लीग सुरू झाली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले. कुनिशिगे कामामोतो याने स्पर्धेत सर्वाधिक ७ गोल केले. पुढे मात्र ओहोटी लागली. खेळाडू कंपनीचे नोकर, प्रेक्षक तुरळक आणि संघाला स्वतःचे गाव नाही, ही त्यामागील कारणे.

जे-लीग : पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी घातलेल्या अटी या दुखण्यावरच होत्या. संघाच्या नावात कंपनी नको, गावाचे नाव हवे. किमान १५,००० आसनांचे, प्रकाशझोतांचे मैदान हवे. कुमार संघ चालवणे सक्तीचे. दुय्यम श्रेणीतला सुमितोमो मेटलचा संघ छोट्या काशिमा गावी छताचे स्टेडियम उभारण्याच्या बोलीवरच आत आला व ब्राझीलचा खेळाडू झिको याच्या साथीने १९९३ च्या हंगामाचा पहिला टप्पा जिंकला. सुरुवातीची लाट टिकली नाही : सरासरी प्रेक्षकसंख्या १९९४ मधील १९,५९८ वरून १९९७ मध्ये १०,१३१ वर घसरली आणि १९९८ च्या हंगामानंतर योकोहामा फ्लुगेल्स हा संघ त्याच शहरातील मारिनोस संघात विलीन झाला. त्यातून खर्चावर लगाम आला. २०१३ च्या हंगामापासून लागू झालेल्या परवाना-पद्धतीत सलग तीन वर्षे तोटा किंवा मालमत्तेपेक्षा देणी जास्त असल्यास परवाना नाकारण्याची तरतूद करण्यात आली. १० संघांनी सुरू झालेली लीग २०२४ पासून तीन श्रेणींत ६० संघांची आहे.

खेळाडूंची घडण : जिल्हा, प्रांत, विभाग, राष्ट्र अशा पायऱ्यांची ‘त्रेसेन’ ही निवड-प्रशिक्षण पद्धत एकाच आखणीने चालते. तिचा दोष वयोगटाचा. शालेय वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने एप्रिल ते जूनमध्ये जन्मलेली मुले अंगाने थोराड म्हणून आधी निवडली जातात. शालेय वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, जन्मलेली मागे पडतात. क्लबबरोबरच शाळा व विद्यापीठाची वाट खुली राहिल्याने ही गळती काहीशी भरून निघते, आणि हेच जपानचे खरे वेगळेपण म्हणता येईल. मारिनोसच्या कुमार संघातून वर न घेतलेला शुन्सुके नाकामुरा आणि गांबा ओसाकाने नाकारलेला केइसुके होंडा शालेय फुटबॉलमधून पुढे आले. राष्ट्रीय संघाचा खेळाडू काओरू मितोमा त्सुकुबा विद्यापीठात शिकला. त्याचा प्रबंध ड्रिब्लिंगवर होता. त्सुकुबा हा वर उल्लेखिलेल्या अध्यापक विद्यालयाचाच वारसदार.

१९९८ च्या विश्वचषकातील सर्व २२ खेळाडू जे-लीगचे होते. २०२२ मध्ये २६ पैकी १९ युरोपीय क्लबांत होते.

महिला संघाने २०११ मध्ये विश्वचषक जिंकला. महिलांची व्यावसायिक लीग २०२१ मध्ये सुरू झाली.