जहाजावरून उतरवलेल्या खलाशाचे पैसे: आजारपणाचा पगार की अपंगत्वाची भरपाई?

खान्देशातून समुद्र लांब, पण मर्चंट नेव्हीत गेलेली पोरं चोपड्यातही भेटतात आणि भुसावळलाही. समजा, त्यातला एक इंजिन रूममध्ये पडला, हात मोडला, जहाजाने त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदरात उतरवलं आणि ते पुढे निघून गेलं. घरी फोन येतो, ‘कंपनी पैसे देतेय, काळजी करू नका.’ कुठले पैसे, हे तेव्हाच विचारून घ्यावं. पैसे दोन प्रकारचे असतात आणि सगळे त्यांना सरसकट ‘भरपाई’ म्हणतात.

पहिला प्रकार म्हणजे आजारपणाचा पगार. याचा पाया आहे एमएलसी, म्हणजे २००६चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. जखमी माणूस जहाजावर आहे किंवा मायदेशी पोचायचा आहे, तोवर पूर्ण पगार. घरी आल्यावर बरा होईपर्यंत पूर्ण की काही भाग, हे जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाचा कायदा किंवा युनियनचा करार ठरवतो. म्हणून करारात ‘बेसिक’ लिहिलंय की सगळे भत्ते धरून, हे आधी पाहावं. देशाचा कायदा या पगाराला मुदत घालू शकतो, पण ती १६ आठवड्यांपेक्षा कमी चालत नाही. इथे बरेच जण फसतात. हे आठवडे घरी पोचल्यापासून नाही, दुखापतीच्या दिवसापासून मोजतात. डर्बनच्या हॉस्पिटलात महिना गेला, तर तो महिनाही त्यातच धरला जातो.

या पगारासाठी चूक कोणाची हा प्रश्न येत नाही. मात्र दुखापत जहाजाच्या कामाबाहेरची असेल, खलाशाने जाणूनबुजून ओढवून घेतली असेल किंवा नोकरीला लागताना आजार लपवला असेल, तर देशाचा कायदा मालकाला मोकळं करू शकतो.

अमेरिकेच्या सागरी कायद्यात हिशेब जरा निराळा. तिथे पगार साधारणपणे सफर संपेपर्यंत मिळतो, आणि राहण्या-जेवणाचा व औषधपाण्याचा खर्च त्याहून वेगळा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, आखाजीला वर्षाच्या बोलीने ठरलेला सालदार मध्येच पडला आणि तरी साल पुरं होईपर्यंतचे पैसे त्याला द्यायचे, असं समजा.

दुसरा प्रकार अपंगत्वाच्या भरपाईचा. हात बरा झाला तर तिचा प्रश्नच नाही. बोटं वळेनात, जहाजावरचं काम पुन्हा जमणार नाही असं ठरलं, तर ती मिळते. ही रक्कम महिन्यांवर मोजत नाहीत. अपंगत्व किती आणि करारातला तक्ता काय म्हणतो, यावर ती ठरते. जहाजमालकाने त्यासाठी आधीच आर्थिक हमी घेतलेली असावी लागते. हा नियम १८ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं. जाताना त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला, तर हमी कोणाची ते शोधत बसावं लागत नाही.

गडबड होते ती सहीच्या वेळी. पगाराचे काही महिने देऊन ‘फुल अँड फायनल’वर सही मागितली जाते आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं तर करारात ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घ्यायला लावण्यासाठी दबाव आणता येत नाही, असं एमएलसीतच म्हटलंय. अपंगत्व किती ते लगेच ठरत नसेल, तर कुटुंबाची ओढाताण होऊ नये म्हणून मधल्या काळात अंतरिम रक्कम द्यायची असते. भरपाई घेतली म्हणून खलाशाचे बाकीचे कायदेशीर हक्क बुडत नाहीत. फक्त त्याच घटनेच्या पुढच्या दाव्यातून दिलेली रक्कम मालक वजा करू शकतो. त्यामुळे पावतीवर पैसे कशाचे ते नेमकं लिहून घ्यावं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा आजारपणाचा पगार. ‘सर्व दावे मिटले’ अशी ओळ असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नये.