बंदी कायम, परवाना हजर

बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. ते परमिट मालकाचं, असं पुष्कळांना वाटतं. मुळात ते पिणाऱ्याचं. महाराष्ट्रात कायद्याचा नियम आजही बंदीचाच आहे. पिणारा हा सरकारने कागद देऊन केलेला अपवाद.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा लोकांचं व्यसन सोडवायला आलेला नव्हता. ताडी आणि मोहाच्या दारूवर सरकारचा ताबा बसवायचा आणि महसूल गोळा करायचा, एवढाच हिशेब. म्हणून दारूच्या दुकानांपुढची निदर्शनं इंग्रजांच्या तिजोरीविरुद्धचीही होती. टिळकांच्या काळात पुण्यात ती झाली, पुढे गांधीजींनी देशभर नेली. दारूबंदी व्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. ती स्वातंत्र्यलढ्याचाच भाग होती. १९३९ मध्ये मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबईत बंदी आणली, पण काही महिन्यांत मंत्रिमंडळच गेलं.

खरा कायदा १९४९ चा. त्यामागे मोरारजी देसाईंचा आग्रह होता. या कायद्यात दारू पिणं गुन्हा होताच, तिची वाखाणणी करणंही गुन्हा होतं! फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या मुंबईकराने न्यायालयात दाद मागितली. व्हिस्की, ब्रँडीबरोबर त्यांना ओ-द-कोलोन (सुगंधी पाणी) आणि औषधी वाइनही बाळगायची होती. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं सोडवली, वाखाणणीचं कलमही रद्द केलं. पिण्यावरची बंदी मात्र टिकली. घटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहेच.

मग हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ, नवसागर, रबरी ट्यूबांतून होणारी ने-आण, गल्लीबोळांतले ‘आंटी’चे अड्डे, हप्ते. मुंबईतल्या संघटित गुन्हेगारीला भांडवल पुरवण्यात या धंद्याचा वाटा मोठा होता. माझ्या मते बंदीचं सगळ्यांत महागात पडलेलं फळ हेच.

१९६० नंतर गुजरातने बंदी ठेवली, महाराष्ट्राने साठच्या दशकात ती सैल केली. सैल केली म्हणजे कायदा काढला नाही, परवाने वाढवले. आणि परवाना कशासाठी, तर ‘आरोग्य टिकवण्यासाठी’! दारूचं खातं मंत्रालयात आज ‘राज्य उत्पादन शुल्क’ म्हणून ओळखलं जातं, म्हणजे १८७८ चा हिशेब परत जागेवर आला.

बंदीची मागणी वरून येते तशी खालूनही येते, हे मात्र विसरू नये. गडचिरोलीत १९९३ मध्ये ती जनआंदोलनातून झाली. इतरत्र गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला, म्हणजे मतपत्रिकेवरच्या दुकानबंदीच्या खुणेला, मतं देऊन दुकानं बंद पाडली, कारण नवऱ्याच्या पिण्याच्या ‘निवडी’चा मार त्यांनाच बसत होता. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला सरकारनेच उठवली.

परवाना एका दिवसाचाही मिळतो: देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५. दुकानात तो बहुधा कुणी मागत नाही.