टर्बाइनमधली ओली वाफ आणि वाफेतली घाण

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, मौदा, विदर्भात कुठंही जा, औष्णिक केंद्रात टर्बाइन फिरवते ती वाफ, कोळसा फक्त पाणी तापवायला. बॉयलरमधून निघते तेव्हा मोठ्या युनिटात ती 540 अंशांच्या आसपास एकदम कोरडी असते, पण एकामागून एक पात्यांवरून जाता जाता दाब आणि गरमी दोन्ही उतरत जातात अन् शेवटच्या एलपी, म्हणजे कमी दाबाच्या, टर्बाइनमध्ये आतल्या आतच तिचं थोडं थोडं पाणी व्हायला लागते. हीच ओली वाफ.

आता पाण्याचे बारीक थेंब काय बिघडवणार असं वाटू शकते, पण टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते आणि शेवटच्या लांब पात्याचं टोक हवेतल्या आवाजापेक्षा जोरात पळते. थेंब जड, वाफेच्या वेगानं धावत नाहीत, मग पातंच जाऊन त्यांच्यावर आदळते, फिरायला मदत व्हायची सोडून उलटा ब्रेक लागते. बाउमन नावाच्या इंजिनियरचा जुना ढोबळ नियम आहे, ओल 1 टक्का वाढली की त्या टप्प्याची कार्यक्षमता साधारण 1 टक्का पडते. शिवाय पात्याची पुढची कड खरवडून खडबडीत होते, म्हणून तिथं स्टेलाइटची कडक पट्टी बसवतात, आणि वाफ मधातच पुन्हा बॉयलरमध्ये नेऊन तापवतात, याला रिहीट म्हणतात.

घाणीचं पाहा. बोअरचं पाणी रोज उकळलं की जर्मनच्या गंजाला, म्हणजे भांड्याला, आतून पांढरा थर धरते ना, तसंच काहीसं, फक्त इथं पाणी डीएम प्लांटमधून क्षार काढून येते आणि वाफेत सिलिका, म्हणजे वाळूत असते तोच पदार्थ, किलोमागं 20 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. तरी जास्त दाबाच्या वाफेत सिलिका चक्क विरघळून येते अन् दाब उतरला की पात्यांवर काचेसारखी चिकटते, साध्या पाण्यानं निघतही नाही. पात्यांमधली वाट अरुंद होते, पृष्ठभाग खरबरीत होते, मेगावॅट कमी.

पण माझ्या मते खरी वाईट जागा ती, जिथं पहिला थेंब बनते. वाफेतलं क्लोराइड, म्हणजे मिठात असते तेच, त्या पहिल्या थेंबात गोळा होते, म्हणजे एवढ्याशा पाण्यात सगळा खार, आणि तिथंच पात्यांना बारीक खड्डे पडतात, पुढं चिरा जातात. हे क्लोराइड बरेचदा येते कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करतात तिथून. तिथं व्हॅक्यूम असते, त्यामुळे एखादी नळी फुटली की वाफ बाहेर यायची सोडून कूलिंगचं कच्चं पाणीच आत ओढलं जाते. म्हणून कंडेन्सेटची, म्हणजे वाफेच्या झालेल्या पाण्याची, कंडक्टिव्हिटी चोवीस तास पाहतात, क्षार मिसळले की पाण्यातून वीज जास्त वाहते, मीटर थोडा चढला तरी केमिस्ट धावतो.

मे महिन्यात तर अजून गंमत. चंद्रपुरात पारा 45 च्या वर गेला की कूलिंग टॉवरचं पाणीही हवं तेवढं थंड होत नाही, कंडेन्सरमधलं व्हॅक्यूम कमी होते, त्यानं शेवटच्या पात्यांवरची ओल उलट थोडी कमीच होते पण वीजही कमी निघते, अन् नेमके तेव्हाच गावोगावी कूलर चालू.