आधुनिक वास्तुशैलीतील लाकडी फर्निचर

भार, आधार, सांधा व हवा यांचा इमारतीसारखाच हिशेब मांडून घडवलेले, विसाव्या शतकाच्या मध्यातील लाकडी सामान. यात कोरीवकाम नसते. भार अधिक तिथे लाकूड जाड, एरवी निमुळते. भारतात याचा काळ ढोबळमानाने १९३५ ते १९६५ धरता येतो.

आरंभाविषयी एकमत नाही. बहुतेक लेखन चंदीगडपासून, म्हणजे ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने १९५० च्या दशकात आखलेल्या शहरापासून, सुरू होते. मात्र पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील गोलकोंड हे वसतिगृह (वास्तुकार अँटोनिन रेमंड) त्याआधीचे. त्याच्या बांधकामासाठी आलेल्या जॉर्ज नाकाशिमा यांनी तिथले सागवानी फर्निचर आखले. आश्रमात त्यांना सुंदरानंद हे नाव मिळाले. आरंभाचा मान गोलकोंडलाच देणे सयुक्तिक ठरेल.

चंदीगडच्या सरकारी कार्यालयांसाठी घडवलेल्या सागवानी खुर्चीचा कर्ता कोण, हा दुसरा वाद. लिलावांच्या याद्यांत ती सरसकट ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ व सहकारी वास्तुकार प्येर जानरे (१८९६–१९६७) यांच्या नावे असते. ते १९५१ ते १९६५ चंदीगडला होते, हे खरे. पण तिथल्या वास्तुकारांच्या कार्यालयात यूली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा हेही काम करत होते, आणि प्रत्यक्ष घडण स्थानिक सुतारांच्या निरनिराळ्या कारखान्यांत झाली. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापे जुळत नाहीत. श्रेय कार्यालयाला देणारे मत अधिक पटते. खुर्चीची बाजू पाहावी : पुढचा व मागचा पाय कंपासासारखे फाकलेले, वर हात टेकायची पट्टी, आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर बैठक. बैठकीच्या चौकटीला ओळीने भोके पाडून त्यांतून वेत ओवलेला. उकाड्यात पाठीला वारा लागतो, आणि वेत तुटला तर तेवढाच नव्याने विणता येतो.

सांगाड्यावर भार तोलण्याची ही रीत पुणेकराला परकी वाटू नये. वाड्यात खांब आणि तुळई भार पेलतात, भिंत नव्हे. घराचे मापही दोन खांबांमधल्या खणावरून सांगतात. पुण्यातील विश्रामबागवाड्याचे सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब नक्षीने नटलेले आहेत, पण नक्षीमागचा सांगाडा याच हिशेबाचा. वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ मध्ये पुण्यात, दोन पिढ्या फर्निचरच्या धंद्यात असलेल्या कुटुंबात झाला. १९५१ पासून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात होते. वास्तुकलेआधी त्यांना लाकूड भेटले, ही गोष्ट चरित्रलेखक ओझरती सांगतात. तिला अधिक जागा मिळायला हवी.