कार्निव्हलची चमक आणि मातीची चमक

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा ऐरोलीहून ठाण्याला आला तो एक इन्सुलेटर घेऊन. तारांच्या खांबांवर बसवायचे तसला, काचेचा, आतून आटे असलेला, अंगावर ‘हेमिंग्रे ४२’ अशी उठावाची अक्षरं, म्हणजे अमेरिकन कंपनीचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक. अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून त्याने तो ‘कार्निव्हल’, म्हणजे कारखान्यातच इंद्रधनुषी चमक चढवलेला, म्हणून मागवला होता आणि पैसेही कार्निव्हलचेच मोजले होते. काचेवर निळे, जांभळे, सोनेरी रंग हलत होते, रस्त्यातल्या डबक्यावर पेट्रोलचा तवंग असतो तसे. माझ्या खिडकीत गोटी सोड्याच्या बाटलीचा एक तुकडा आहे, चरईत जुन्या घराचा पाया खणताना निघालेला. तो शेजारी ठेवला. रंग अगदी तेच.

घोटाळा होतो तो इथेच. दोन्हीकडे काचेला मुळात हा रंग नसतो. पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ थरामुळे प्रकाशाचे रंग फुटतात, एवढंच. तो थर आला कुठून, हे मात्र दोन्हीकडे वेगळं आहे.

कार्निव्हलमध्ये तो कारखान्यात चढवलेला असतो. काच गरम असतानाच तिच्यावर कथिलासारख्या धातूंचे क्षार फवारतात आणि ऑक्साइडचा थर काचेला घट्ट धरून बसतो. फेंटन या अमेरिकन काच कंपनीने १९०७ मध्ये अशी भांडी बाजारात आणली. ‘कार्निव्हल’ हे नाव खूप नंतरचं. इन्सुलेटरमध्ये ही चमक शोधायची ती मुख्यतः कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या ‘पायरेक्स’ इन्सुलेटरवर.

मातीची चमक म्हणजे काचेची झीज. साधी काच वर्षानुवर्षं ओल्या मातीत पडली की पाणी तिच्यातला सोडा ओढून घेतं. मागे उरतात ते सिलिकाचे पापुद्रे, एकावर एक. रोमन काळातल्या काचेवर जे रंग दिसतात तेही असेच आलेले. तारा उतरवल्यावर टाकून दिलेल्या कितीतरी इन्सुलेटरच्या वाट्याला हेच आलं.

भाच्याला म्हटलं, घमेल्यात पाणी घे आणि बुडव. इन्सुलेटर पाण्यात गेला आणि रंग विझले. खाली उरली साधी फिकट हिरवट-निळी काच. "मावशी, गेलं की गं सगळं!" पोराचा चेहरा बघवेना. पंख्याखाली ठेवला तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत कडेकडेने रंग परत यायला लागले. पापुद्र्यांमधल्या फटीत पाणी शिरलं की चमक जाते, सुकलं की येते. कार्निव्हलचा थर पाण्याखाली जरा मंदावतो, पण दिसत राहतो. घरच्या घरी करायच्या तपासण्यांत माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे.

मग भिंग घेऊन बसलो. चमक ठिगळाठिगळाने होती, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. आट्यांच्या खाचांतही ती होती आणि तिथे नख लावल्यावर अभ्रकासारखा बारीक पोपडा सुटला. फवारलेला थर नखाने असा निघत नाही.

पायरेक्सची एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. १९१५ पासून त्या नावाने विकली गेलेली ती काच बोरोसिलिकेट. पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. त्यामुळे उठावात ‘पायरेक्स’ लिहिलेल्या नगावर इंद्रधनुष्य असेल तर मातीचा संशय बराच कमी होतो. उलट हेमिंग्रे ४२ अमेरिकेत ढिगाने मिळतो. त्याला कोणी कार्निव्हलचा भाव सांगितला तर आधी पाण्यात बुडवायचा.

पण पाण्यात टिकला म्हणजे जुना कार्निव्हलच, असंही नाही. साधा जुना इन्सुलेटर आजही तापवून त्यावर क्षार फवारता येतात. अशा वेळी टवके बघायचे. खांबावर असताना दगड लागून उडालेला टवका कारखान्यातल्या थराच्या नंतरचा, म्हणून त्याच्या आत नितळ काच दिसायला हवी. टवक्याच्या आतूनही चमक सलग गेली असेल, तर ती नंतर चढलेली आहे.

भाच्याच्या नगाच्या घेराला असे तीन टवके आहेत. तिन्हींच्या आत चमक आहे, म्हणजे मातीत जाण्याआधीच ते उडाले होते. विक्रेत्याला पाण्याखालचा आणि सुकल्यावरचा असे दोन फोटो पाठवले, अर्धे पैसे परत आले. नग भाच्याने ठेवून घेतला. तेलाने पुसू नकोस, एवढं मी बजावलं आहे. पापुद्र्यांत तेल शिरलं की ते रंग सुकून परत येत नाहीत.