कोल्हापूर परिसरातील पानगळ व पालवी

पानगळ व पालवी (कोल्हापूर परिसर) : कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांतील जंगलांत साधारणपणे डिसेंबरअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दिसणारा पानांचा रंगबदल. यात दोन घटना मिसळलेल्या असतात. जुनी पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात, आणि पाठोपाठ, कधी शेजारच्याच फांदीवर, नवी पालवी तांबूस रंगाची फुटते. काश्मीरच्या चिनाराची किंवा जपान व उत्तर अमेरिकेतील मेपलची ख्याती पहिल्या घटनेमुळे आहे. कोल्हापूरकडचा भडक लाल मात्र बहुतांशी दुसरीचा, म्हणजे जाणाऱ्या पानाचा नसून येणाऱ्या पानाचा असतो. ‘आपल्याकडे तसले रंग नाहीत’ असे जे सर्रास म्हटले जाते त्याचे मूळ हा फरक न ओळखण्यात आहे. ऑक्टोबरात रंग शोधत घाटात गेलेल्याला ते म्हणणे खरेही वाटते.

नाव व काळ : इंग्रजी ‘ऑटम’ला मराठीत ‘शरद’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. ऋतुक्रमाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. पण झाडांच्या दृष्टीने दिशाभूल करणारा आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. त्या वेळी सह्याद्रीतील झाडे पावसाने माखलेली, गर्द हिरवी असतात. पिकते ते भात आणि पिवळे पडते ते गवत. पानगळीचा ऋतू शिशिर, म्हणजे माघ-फाल्गुन, आणि पालवीचा वसंत, म्हणजे चैत्र-वैशाख, अशी मराठी वाचकाची शाळेपासूनची समजूत आहे. ती ढोबळमानाने बरोबर असली, तरी शिशिराचे स्थान प्राचीन ग्रंथांतही पक्के नाही. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात बारा महिने व पाच ऋतू सांगताना हेमंत आणि शिशिर एकत्र धरले आहेत. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात ऋतूंच्या दोन याद्या येतात. एकीत शिशिर आहे. दुसरीत तो गाळून पावसाळ्याआधीचा ‘प्रावृट्’ हा वेगळा ऋतू घातला आहे. यावर टीकाकारांनी उद्धृत केलेले एक मत असे, की गंगेच्या दक्षिणेस पाऊस जास्त म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा हे दोन ऋतू मानावेत, आणि उत्तरेस हिमालयामुळे थंडी जास्त म्हणून तेथे हेमंत व शिशिर. हे शब्दशः घेतले तर कोल्हापूरला शिशिर उरतच नाही! अर्थात ती विभागणी वैद्यकाच्या, म्हणजे वात-पित्त-कफ या दोषांचे साठणे-उसळणे आणि त्यांवरची शरीरशुद्धी (शोधनकर्म) यांच्या सोयीची होती, वृक्षांच्या निरीक्षणातून आलेली नव्हती. तिचा आधार पानगळीच्या चर्चेत फार ताणू नये हे बरे.

याशिवाय दोन अडचणी आहेत. संपातचलनामुळे, म्हणजे विषुवदिनाचा बिंदू ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू सरकत असल्याने, निरयन (ताऱ्यांवर आधारलेल्या) पंचांगातील महिने प्रत्यक्ष सौर ऋतूंपेक्षा आता सुमारे 24 दिवस मागे पडले आहेत. शिवाय चांद्रमास अधिकमासाच्या मेळामुळे पुढे-मागे होत राहतात. गुढीपाडवा एखाद्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, तर एखाद्या वर्षी एप्रिलच्या मध्याकडे येतो. पालवी मात्र पंचांग पाहून फुटत नाही. ‘चैत्रपालवी’ हा शब्द गोड असला, तरी चैत्र उशिरा आलेल्या वर्षी कोशिंब या झाडाच्या पालवीची लाली पाडव्याआधीच हिरवी होऊन गेलेली असते. म्हणून या नोंदीत काळ इंग्रजी महिन्यांत दिला असून तोही पंधरवड्याच्या फरकाने घ्यावा.

कारणे : पावसाळा ऑक्टोबरात संपतो. पुढचे सात-साडेसात महिने वळवाच्या एखाद्या सरीखेरीज पाऊस नसतो. पानांवाटे होणारी पाण्याची उधळपट्टी थांबवण्यासाठी पानझडी झाडे पाने टाकतात. पानातील हरितद्रव्य मोडले जाते, त्यातले नत्रासारखे उपयुक्त घटक झाड खोडाकडे ओढून घेते, हिरव्याखाली झाकलेली कॅरोटिनॉइडे ही पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात आणि देठाच्या बुडाशी पेशींचा सुटा होणारा थर तयार होऊन पान गळते. लाल रंगाची गोष्ट निराळी आहे. तो आधीपासून पानात नसतो. अँथोसायनिन हे रंगद्रव्य त्या वेळी मुद्दाम तयार केले जाते, आणि त्यासाठी उजेड लागतो. थंड प्रदेशात लहान होत जाणारा दिवस व उतरते तापमान ही गळतीची मुख्य सूचना असते. इथे जमिनीतील ओल सरकत जाणे ही अधिक महत्त्वाची मानली जाते.

खरे कोडे पालवीचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये ऊन सर्वांत कडक, जमीन सर्वांत कोरडी, आणि पावसाला अजून दोन महिने. नेमकी हीच वेळ झाडे कोवळ्या पानांसाठी निवडतात. एका मतानुसार पाने गळल्यावर बाष्पीभवन थांबते, खोल मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठू लागते आणि तेवढ्या साठ्यावर कळ्या फुटतात. दुसऱ्या मतानुसार दिवस मोठा होत जाणे ही कळ्यांची सूचना आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर (सुमारे 16° 42′ उ.) वर्षातला सर्वांत लहान दिवस 11 तासांहून थोडा मोठा व सर्वांत मोठा 13 तासांच्या आसपास असतो. हा दोन तासांचा फरक झाडांना पुरत नसावा असे पूर्वी वाटे. परंतु 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आशिया व अमेरिका खंडांतील उष्णकटिबंधीय कोरड्या जंगलांवरील एका अभ्यासाने पाऊस नसतानाही वाढत्या दिवसाबरोबर पालवी फुटते असे दाखवून दिले. एकाच जातीची झाडे दरवर्षी जवळपास त्याच सुमारास फुटतात, हे पाहता दुसऱ्या मताकडे कल झुकतो. खोडातील पाणी मग ‘केव्हा’ याचे नव्हे, तर ‘शक्य आहे का’ याचे उत्तर ठरते.

कोवळे पान लाल का, याबद्दल अधिक वाद आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा अपुरी असते आणि कडक उन्हात ती बिघडू शकते. अँथोसायनिन त्या उन्हाला गाळणीसारखे अडवते, हे प्रकाशरक्षणाचे मत. पुष्कळ कीटकांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल पान त्यांना काळसर, वाळके वाटते, हे दुसरे. 1989 मध्ये कोली व एड या संशोधकांनी अँथोसायनिन बुरशीपासून बचाव करत असावे असे सुचवले. सदाहरित जंगलातील दाट सावलीतही कोवळी पाने लाल असतात, ही गोष्ट प्रकाशरक्षणाच्या मतास अडचणीची आहेच. गळत्या पानांच्या लालीबद्दल हॅमिल्टन व ब्राउन या संशोधकांनी 2001 मध्ये मांडलेले मत, की गडद रंग हा माव्यासारख्या किडींना दिलेला ‘इथे येऊ नका’ असा इशारा असतो, थंड प्रदेशांपुरते बरेच चर्चिले गेले. सह्याद्रीला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. उघड्या उतारावरच्या कोशिंबाला प्रकाशरक्षण पुरेसे वाटते. देवराईच्या काळोखातील दालचिनीच्या गुलाबी पालवीला ते पुरत नाही.

वृक्ष : जिल्ह्यातील वनस्पतींची नोंद कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिवर्णनात (1901–08) आणि पुढे एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांच्या जिल्ह्यापुरत्या ग्रंथात (2002) झाली आहे. अशा ग्रंथांत फुला-फळांचे महिने मिळतात. पानाच्या रंगाला सहसा ओळभरही जागा मिळत नाही.

कोशिंब किंवा कुसुम हा या ऋतूचा राजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खे झाड एकदम पेटल्यासारखे लाल होते, आणि दूरवरून पाहणारा ती फुले समजतो. जवळ गेल्यावर दिसते ते असे : संयुक्त पानाच्या दोन ते चार जोड्या, पाती मरगळल्यासारखी खाली लोंबणारी, बोटांना ओल्या रेशमासारखी गार व मऊ. उन्हासमोर धरले तर कोकमाच्या सरबतासारखा आरपार रंग, आणि शिरा त्याहून फिकट. दोन-तीन आठवड्यांत हीच पाती ताठ होतात, तांबूस, मग पोपटी, मग नेहमीच्या गडद हिरव्या रंगाची. त्यानंतर झाड गर्दीत हरवून जाते. फुले असतात, पण ती इतकी बारीक व हिरवट पिवळी, की त्यांची दखल मधमाश्याच घेतात.

जाणाऱ्या पानांचा रंग दाखवण्यात नाणा या वृक्षाचा हात धरणारे दुसरे झाड इथे नाही. फिकट, गुळगुळीत, साल सोललेले खोड आणि वर तांबडी-नारिंगी पाने, असे ते जानेवारी-फेब्रुवारीत उठून दिसते. ऐन व किंजळ यांची पाने मळकट पिवळी-तपकिरी होतात. शेमट गुपचूप पिवळा होऊन उघडा पडतो. पिंपळाची तांबूस गुलाबी, चकचकीत पालवी शहरातही मार्चच्या सुमारास दिसते. आंबा व जांभूळ सदाहरित असूनही त्यांचे नवे कोंब तांबूस-जांभळट असतात. देशी बदाम वर्षातून दोनदा पान टाकतो, आणि परड्यातल्या पायरीवर पडलेले त्याचे पान एकाच वेळी लाल, नारिंगी व हिरवे असू शकते. पळस, पांगारा, काटेसावर यांची लाली फुलांची आहे, म्हणून ती या नोंदीबाहेर. पळसाला पाने तीनच, आणि तीही फुलोऱ्याच्या वेळी बहुधा झडलेली.

ठिकाणे : पावसाचा उतार हीच रंगाची पट्टी. गगनबावड्याला वर्षाला 5,000 मिमी.हून अधिक पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात सुमारे 1,000 मिमी. आणि पूर्वेस शिरोळकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. अतिपावसाच्या सदाहरित पट्ट्यात पान गळते, पण सगळे एकदम नाही. कोरड्या पूर्व भागात जंगलच नाही, ऊस आहे. रंग भरतो तो या दोहोंमधल्या निमसदाहरित व आर्द्र पानझडी पट्ट्यात. शाहूवाडीतील आंबा घाट व विशाळगडाकडचा रस्ता, गगनबावड्याचे करूळ व भुईबावडा घाट आणि राधानगरी-दाजीपूर हे तीन मार्ग त्यातले. दाजीपूरला 1958 मध्ये राज्यातील पहिले अभयारण्य जाहीर झाले. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे 351 चौ. किमी.चे राधानगरी अभयारण्य झाले, आणि 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. गव्यासाठी आलेले लोक फेब्रुवारीअखेर कोशिंब पाहून जातात, बहुधा नाव न विचारता. समोरच्या डोंगरउतारावर सकाळचे ऊन पडलेले असताना सदाहरित झाडांच्या काळपट हिरव्यात तांबडे ठिपके मोजता येतात. दुपारी धुरकट हवेत ते विरघळतात.

पन्हाळा शहरापासून 20 किमी. आणि सोयीचा, पण तटाच्या आत लावलेली झाडे जास्त असल्याने रंगाचा अंदाज तेथून घेऊ नये. पलीकडचे मसाई पठार शरदाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुले, आणि नोव्हेंबरात जांभ्यावरचे गवत सोनेरी, मग तांबूस होते. मराठी ‘शरदा’चा रंग पाहायचा तर तो असा पायाखाली. भुदरगड, आजरा व चंदगडमध्येही हेच वृक्ष आहेत. जोतिबाचा डोंगर बराचसा उघडा असून चैत्र यात्रेतली तिथली लाली गुलालाची.

वणवे : गळलेला पाला व वाळलेले गवत फेब्रुवारीपासून पेट घेते. नवे गवत जोमाने येते या समजुतीने उतारांना आगी लावल्या जातात. काही निष्काळजीपणाने लागतात. धग लागलेल्या खालच्या फांद्यांची पालवी करपते आणि शेंड्याची तेवढी लाल राहते. पश्चिमेकडच्या गावांत पाला-पाचोळा व डहाळ्या भातरोपांची जमीन भाजण्यासाठी गोळा करतात, त्यामुळे वस्तीजवळच्या झाडांखाली पानांचा थर फारसा साचत नाही. सामाजिक वनीकरणातील निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ बारमाही हिरव्या राहतात. आंबा घाटाकडे जाताना रस्त्यालगतचा असा सलग हिरवा पट्टा मागे पडला, की पहिला कोशिंब दिसतो.